फरशीला गाल लावणारे सावंतकाका

कुत्र्याचा फोटो काढण्याआधी सावंतकाका स्वतः जमिनीवर पालथे पडतात आणि फरशीला गाल लावतात. गार लागली की चटई येते, गुळगुळीत लागली की रबराची शीट. गिऱ्हाईक अवघडून दाराकडे बघत राहतं.

"बाय, कुत्र्याक चपला नसतत," ते मला म्हणाले होते. "आधी जमिनीक इचार."

परळला त्यांचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट आणि लग्नांचं काम मोबाइलने खाल्लं, तसे काका कुत्र्यामांजरांकडे वळले. मागच्या पडद्याबद्दलही ते हट्टी. काळ्या मांजरामागे काळा पडदा कधीच नाही, "नुसते डोळे येतील, भुतासारखे." माटुंग्याच्या एका बाईंना पांढऱ्या पामेरियनखाली चकचकीत काच हवी होती, प्रतिबिंब पडतं म्हणून. काकांनी काच आणली आणि बाईंनाच म्हणाले, "तुम्ही उभ्या रहा. अनवाणी, दहा मिनिटं." बाई कुत्रा घेऊन गेल्या, त्या गेल्याच.

आमच्या कुत्र्याला, सोन्याला, चौदावं लागलं आणि त्याचे मागचे पाय जायला लागले. एक चांगला फोटो असावा म्हणून मी काकांना लालबागला घरी बोलावलं. सत्तरीचा माणूस पडदे खांद्यावर घेऊन तीन मजले चढला. घरात आम्ही नवीन टाइल्स घातल्या होत्या. सोन्या त्यांवर पाय ठेवायचा नाही, गॅलरीतल्या जुन्या खरखरीत लादीवरच बसायचा. काकांनी लादीला गाल लावला. "हीच बरी." मग आणलेले सगळे पडदे बाजूला सारून त्यांनी आमचीच विटकी हिरवी चादर कठड्यावर टाकली आणि तासभर सोन्यासमोर पोटावर पडून राहिले.

निघताना ते आतल्या खोलीत आईच्या खाटेपाशी थबकले.

"टाइल्स कधी घातल्या?"

"दिवाळीत."

"तुझी आई इथूनच मोरीत जाते?"

मी हो म्हणाले. काका पडद्याची गुंडाळी करत राहिले. "आमच्याकडे पण अशीच फरशी होती. मीच निवडली. उजेड छान पडायचा तिच्यावर. माझी बायको, सुमन, तिसऱ्या दिवशी घसरली. खुबा मोडला. मग अंथरुणातून उठली नाही."

 काका चहाला थांबले नाहीत.

पंधरा दिवसांनी सोन्या गेला. काका फोटो घेऊन आले, तेव्हा काखेत रबराची लांब गुंडाळी होती. कुणाला न विचारता ते गुडघ्यांवर बसले आणि आईच्या खाटेपासून मोरीपर्यंत पट्टी अंथरली, कडा कात्रीने नीट कापल्या.

"वहिनी, चला बघू."

आई उठली. काका तिच्यासमोर उलट्या पावलांनी चालत होते, दोन्ही हात पुढे धरून, तिला न शिवता. ती मोरीच्या दारापाशी पोचली, चौकटीला धरून उभी राहिली. काकांचे हात तसेच पुढे होते.