चिंतामणींचा निळा ठिपका

"बाबा, तुम्ही उल्हासनगरला काय करताय?"

पुण्याहून उन्मेषचा फोन आला तेव्हा चिंतामणी हरेशभाईच्या फर्निचरच्या दुकानात एका डबलबेडवर मांडी घालून बसले होते. हातात कटिंग चहा होता. शेजारच्या बेडचं झाकण वर उचलून आत किती गाद्या-रजया मावतात ते हरेशभाई समजावून सांगत होता, आणि दुकानातला एकुलता एक पंखा खास चिंतामणींकडे वळवून ठेवला होता.

"मी ना? मी जरा फिरायला आलो होतो," चिंतामणी म्हणाले.

"फर्निचरच्या बाजारात?"

"रस्ता सपाट आहे रे इथला. गुडघ्याला बरं पडतं."

उल्हासनगरचा खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता सपाट आहे हे ऐकून हरेशभाईच्या हातातलं झाकणच सुटलं. धाडकन आवाज झाला. "बाबा, काय पडलं? तुम्ही पडलात का?" असं उन्मेष ओरडायला लागला. त्याची समजूत घालता घालता चहा निवून गेला. हरेशभाईनं न विचारता दुसरा मागवला.

हा सगळा प्रताप त्या निळ्या ठिपक्याचा. गणपतीत उन्मेष आला तेव्हा त्यानं वडिलांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं. फोनची भाषा मराठी केली आणि पासवर्ड विसरतात म्हणून आपलंच ईमेलचं खातं त्यात घालून दिलं. नकाशावर अंबरनाथजवळच्या चिखलोलीतल्या बाबांच्या फ्लॅटभोवती एक गोल आखला आणि त्याला 'घर' असं नाव दिलं. चिंतामणी त्या गोलाबाहेर पडले की पुण्यात उन्मेषच्या फोनवर टुंग वाजणार आणि ते कुठं आहेत ते ठिपक्यानं दिसणार. "तुमच्या सेफ्टीसाठी आहे बाबा," इरा, म्हणजे सून, म्हणाली होती. चिंतामणी मुकाट्यानं हो म्हणाले. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर सेफ्टीचे फलक स्वतः लावले होते, त्यामुळे त्या शब्दाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

पण ॲपमुळे एक भलतंच झालं. आधी उन्मेष रोज संध्याकाळी फोन करायचा. कुठं आहात, बाहेर गेला होतात का, जेवलात का. आता कुठं आहेत ते दिसतच होतं, मग विचारायचं काय राहिलं? ठिपका घरात असला की बाबा बरे आहेत. फोन कमी झाले, मग आठवड्यावर गेले, आणि पुढे ठिपका वाकडातिकडा गेला तरच यायला लागले.

घर तसं छान होतं. बायको, सुहासिनी, असतानाच घेतलेलं. स्वयंपाकघरातला ओटा तिनं हट्टानं आपल्या उंचीचा, म्हणजे चांगलाच बुटका, करून घेतला होता. त्या ओट्यावर ती जेमतेम वर्षभर पोळ्या लाटू शकली. आता चिंतामणी त्यावर कमरेत वाकून स्वतःचा चहा करतात. इमारत नवी, माणसं नवी, सगळी सकाळी कामाला जाणारी आणि रात्री दमून येणारी. स्टेशन होणार, मग इथं वर्दळ होईल असं बिल्डरनं सांगितलं होतं. तोवर दिवसभर लिफ्टचा आवाज आला तरी चिंतामणी कान देऊन ऐकत, कुठल्या मजल्यावर थांबते म्हणून.

अशात एकदा ते खरोखरच गुडघ्यासाठी उंच खुर्ची घ्यायला उल्हासनगरला गेले. "आओ साईं, बैठो, पहले चाय," म्हणून हरेशभाईनं हाताला धरून बसवलं. गाव कुठलं, मुलं किती, साखर आहे का, सगळं विचारलं. खुर्चीचा सौदा दहा मिनिटांत आटपला आणि रिक्षानं परत येताना चिंतामणींच्या लक्षात आलं की गेल्या आठवड्यात कुणाशी एवढं बोलणं झालेलंच नव्हतं. खुर्ची घेऊन टाकली ही चूकच झाली, असं त्यांना फार मनापासून वाटलं.

मग ते शहाणे झाले. खुर्चीच्या गप्पा लवकर संपतात. सोफ्याला अर्धा तास जातो, कारण कापड निवडायचं असतं. पण डबलबेड म्हणजे घरचं कार्य. लाकूड, पॉलिश, आतली जागा, गादी, शिवाय दुकानदाराच्या घरच्या गोष्टी. दोन चहा नक्की. चिंतामणी सगळं बघत, मान डोलावत आणि शेवटी म्हणत, "घरी विचारून सांगतो."

एकाच दुकानात रोज जाणं बरं दिसेना, म्हणून ते पसरले. साडीच्या दुकानात गादीवर बसवतात आणि थंड देतात हे कळलं, तेव्हा शालू बघायला लागले. सोनाराकडे मंगळसूत्रांचे ट्रे उघडून घेतले. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एका मंगल कार्यालयात चौकशीला गेले, तर मॅनेजरनं हॉल दाखवला, नवरीची खोली दाखवली आणि मसालेभात चाखायला दिला. "कार्य कुणाचं, काका?" असं कुणी विचारलंच तर चिंतामणी नुसते हसत. त्या हसण्याचा अर्थ लोक आपापल्या परीनं लावत.

नकाशावर दुकानांची नावं वाचून पुण्यात इरा आणि उन्मेषनंही लावला.

"आधी बेड," इरा नवऱ्याला म्हणाली. "मग शालू. मग सोनार. काल कार्यालय. उन्मेष, मला नाही वाटत बाबा फिरायला जातायत."

त्यात फोननं तेल ओतलं. माणूस कुठं किती वेळ थांबतो हे फोन बघतो आणि कुणाकुणाला जाऊन सांगतो, ते चिंतामणींना माहीत नव्हतं. त्यांच्या फोनवर लग्नाच्या जाहिराती यायला लागल्या. खातं उन्मेषचंच असल्यामुळे त्याच जाहिराती पुण्यात हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवरही झळकल्या. पिकल्या केसांचं एक जोडपं समुद्रकाठी हात धरून चाललेलं, आणि खाली, "साठीनंतर एकटं का राहायचं?" इरानं टीव्ही बंद केला.

चिंतामणींना विवाह मंडळांचे फोनही यायला लागले. दुसरा असता तर वैतागला असता. चिंतामणी मात्र एका मुलीशी इतके गप्पा मारत बसले, तिच्या कोल्हापूरच्या आईच्या दम्यावर इतके उपाय सांगितले, की शेवटी तीच म्हणाली, "सर, आता मी फोन ठेवू का? मॅडम बघतायत."

उन्मेषचे फोन वाढले, पण त्यात चौकशीपेक्षा उलटतपासणी जास्त होती. "बाबा, एकटं वाटत असेल तर सरळ सांगा. तळेगावला ज्येष्ठांसाठी चांगला प्रकल्प झालाय. हा फ्लॅट विकून टाकू."

चिंतामणी सावध झाले. एकटं वाटतं असं एकदा तोंडातून निघालं, की हे घर गेलं आणि तो ओटाही गेला. तेव्हा आपण बाजारात गप्पांसाठी हिंडतो हे उन्मेषला कळता कामा नये, एवढं त्यांनी पक्कं केलं. ते अंबरनाथच्या यज्ञेशकडे गेले. यज्ञेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

"हा ठिपका बंद करून दे," चिंतामणी म्हणाले.

"करतो ना काका. पण बंद केला की तुमच्या मुलाला मेसेज जाणार, बाबांनी लोकेशन बंद केलं म्हणून. मग अजून लफडा."

"मग?"

"सिंपल आहे. फोन घरी ठेवायचा आणि बिनधास्त फिरायचं. ठिपका घरी, तुम्ही बाहेर."

ही युक्ती चिंतामणींना इतकी आवडली की दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन उशाशी ठेवला, दार ओढून लॅच लावलं आणि बाजार गाठला. दुपारी हरेशभाईच्या घरून जेवणाचा डबा आला होता. त्यातली दाल-पकवान खाऊन ते तिथल्याच एका रिक्लायनरवर घटकाभर लवंडले. बऱ्याच दिवसांत इतकी गाढ झोप लागली नव्हती.

इकडे उन्मेषनं फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, दहा वेळा केला. ठिपका घरातच, जागचा हलत नव्हता. घाबरून त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरी नीलिमाताईंना फोन लावला.

चिंतामणी संध्याकाळी घरी आले तर दार उघडं, लॅच तोडलेलं आणि घरात माणसंच माणसं. नीलिमाताई, वॉचमन, लॅच तोडणारा, समोरच्या फ्लॅटमधले नवरा-बायको, शिवाय कुणी नुसतेच बघायला आलेले. एक बाई रडत होत्या. त्यांना चिंतामणींनी आजवर कधी पाहिलंही नव्हतं.

"अहो काका! तुम्ही जिवंत आहात?" नीलिमाताई किंचाळल्या.

"हो. तुम्ही सगळे बसा ना," चिंतामणी म्हणाले, आणि त्यांना काय करू नि काय नको असं झालं. सुहासिनी गेल्यावर या घरात एवढी माणसं एकदम कधी आलीच नव्हती. ते वाकून ओट्यावर चहा टाकायला धावले. कप पुरले नाहीत. वाटीतून, पेल्यातून चहा दिला. नीलिमाताई रागावून बोलत होत्या आणि चिंतामणी त्यांना खारी घ्यायचा आग्रह करत होते. सगळे गेल्यावर तुटलेलं लॅच हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं होतं.

लगेचच्या शनिवारी उन्मेष आणि इरा गाडी काढून आले. चपला काढता काढताच उन्मेषनं विचारलं, "बाबा, कोण आहे ती?"

"कोण?"

"हे बघा." इरानं फोन पुढं केला. नकाशावर महिन्याभराचे ठिपके होते. "बेडच्या दुकानात नऊ वेळा. शालू. मंगळसूत्र. कार्यालय. आणि बुधवारी फोन मुद्दाम घरी ठेवून गेलात. आमचा विरोध नाहीये बाबा, फक्त लपवू नका. नाव तरी सांगा."

चिंतामणींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. खरं सांगावं तर तळेगाव. खोटं सांगावं तर बायको. त्यातल्या त्यात बायको परवडली, असा विचार करून ते म्हणाले, "अजून तसं काही ठरलं नाहीये."

"म्हणजे आहे!" उन्मेष खुर्चीत बसला.

"स्वभाव कसा आहे?" इरानं हळूच विचारलं.

"चहा चांगला करतात," चिंतामणी म्हणाले.

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर 'हरेशभाई बेड' असं नाव होतं. चिंतामणींचा हात पोचायच्या आत उन्मेषनं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"साईं, किधर हो? तीन दिन से आये नहीं," हरेशभाई मोठ्यानं बोलत होता. "तबियत तो ठीक है ना? लेना-वेना कुछ नहीं, मालूम है मुझे. पर तुम नहीं आते तो दुकान में करमता नहीं, भाई. चाय के लिए तो आ जाओ!"

चिंतामणींनी फोन घेतला, "सोमवारी येतो," म्हणाले आणि ठेवून दिला. मग चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, सोफा, शालू, मसालेभात. सांगताना त्यांची त्यांनाच इतकी लाज वाटली की मधे ते थोडे हसलेही.

इराच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्मेषला मात्र राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते त्यालाही कळेना. "मग मला सांगायचंत ना बाबा! दुकानादुकानांत जाऊन बसता! मी आलो असतो. पण पुण्याहून निघणंच होत नाही, ऑफिस सोडत नाही, तुम्हाला माहितीये. गणपतीनंतर मी पुण्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणून म्हणतो, तळेगावला चला. जवळ असाल."

चिंतामणी काही बोलणार नव्हते. पण तळेगावचं नाव निघालं आणि त्यांना राहवलं नाही.

"उन्मेष, ह्यात तुझाही ठिपका दिसतो रे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तू ॲप टाकलंस ना, ते दोन्हीकडून चालतं. तुला मी दिसतो तसा मला तू दिसतोस. दसऱ्याच्या आधी तू ठाण्याला होतास. दिवाळी झाल्यावर कल्याणला आला होतास, दोन दिवस. कल्याण म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, येता येता डोकावशील. पिठलं केलं होतं, भात लावला होता. मग ठिपका पुण्याकडे निघाला, तेव्हा मी जेवून घेतलं."

इरानं नवऱ्याकडे पाहिलं. उन्मेषला तोंड वर करवेना. कामच तसं होतं, मीटिंग उशिरा संपली, असं काहीतरी तो पुटपुटला.

"असेल की," चिंतामणी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "मी विचारलं का तुला? माणसाचं थोडं खासगी असतं. मी उगाच बघत बसायचो, दुसरं काही काम नव्हतं म्हणून. हे बघ, इथं दाबलं की तुझा ठिपका मला दिसायचा बंद होतो. दाब. मी मनाला लावून घेणार नाही."

उन्मेषनं वडिलांचा फोन हातात घेतला. बटणाच्या वर आजचा मेसेज तसाच पडून होता. चिखलोलीच्या घराभोवती त्यानंच आखलेल्या गोलात मघाशी तो स्वतः शिरला, तेव्हा आलेला: "उन्मेष घरी पोचले."

त्यानं तो दोनदा वाचला. बटण काही दाबलं नाही. अंधार पडला, चिंतामणींनी वाकून पिठलं टाकलं, इरानं ताटं मांडली, आणि त्या रात्री पुण्याला निघायचं कुणी नाव काढलं नाही.