मालकाने तिथेच राहावे

पालीच्या सुंदररावांना सरकारी नियमांची भीती म्हणून ठाऊक नव्हती. धरणाकाठच्या शेतात त्यांनी दोन देखण्या खोल्या बांधल्या, शहरातल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत, भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर, सगळं त्यांनी धडाधड उभं केलं. गडी कामाला वाघ, यात वादच नाही. अडलं ते एका अटीवर. मालकानं कुटुंबासह त्याच जागी राहिलं पाहिजे.

आणि सुंदरराव राहायचे गावात. बायको रतनबाई लग्नापासून म्हणत होत्या, शेतात राहू, मोकळं वाटतं. त्यावर सुंदररावांचं ठरलेलं उत्तर होतं, "शेतात काय माणसं राहतेत का?"

आता मात्र ते गोडीत आले. "रतन, एक दिवस चल. तपासणीला मॅडम यायल्यात. नुसतं राहतो म्हणून दाखवायचं. परवाना मिळाला की माघारी."

"दाखवायचं तर नीट दाखवू," रतनबाई म्हणाल्या.

आणि काय दाखवलं बाईंनी! ट्रॅक्टर भरून संसार आला. एका खोलीत देव बसले, फळीवर लोणच्याच्या बरण्या चढल्या, मागं चूल पेटली, अंगणात कोंबड्या फिरू लागल्या. सासूबाई साखराबाई तर खाटेसकट आल्या.

तपासणीला आलेल्या मॅडमनी त्यांनाच गाठलं. "आजी, इथं कधीपासून राहता?"

"लई दिस झाले. मला तर गावातलं घर आठवंना बी," म्हातारी ज्वारी निवडत म्हणाली. सुंदररावांना आईच्या पाया पडावंसं वाटलं.

मॅडमनी गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, खूश होऊन सही केली. निघताना म्हणाल्या, "इतकं राहतं घर पहिल्यांदाच पाहिलं. मी अधूनमधून येत जाईन, न सांगता."

त्यांची गाडी वळताच सुंदररावांनी ट्रॅक्टर बोलावला. रतनबाई भाकरी थापतच राहिल्या.

"आवो, बाई अचानक आल्या तर? परवाना जाईल की. आन् आज बसवलेले देव आजच उठवायचे व्हय?"

"मग पाहुणे कुठं ठेवू?"

"एक खोली त्येंची. एक माझी आन् सासूबाईंची."

"आन् मी?"

"भायेरचा वटा काय लहान हाय का?"

परवान्यासाठी सुंदररावांनी चपला झिजवल्या होत्या, आणि हिनं ट्रॅक्टरच्या एका खेपेत घर मिळवलं होतं. राग यायला हवा होता, पण आलं ते कौतुकच.

शनिवारी पुण्याचे पहिले पाहुणे उतरले. सकाळी त्यातले एक गृहस्थ जांभई देत ओट्यावर आले. सुंदरराव गोधडीची घडी घालत होते.

"काका, चहाचं सांगायचं होतं. मालक कुठं भेटतील?"

सुंदररावांनी चुलीच्या दिशेनं पाहिलं.

"मालक आत हायत," ते म्हणाले, "जरा दमानं बोला."