शेठचं खिडकीतलं टेबल

हेडक्लार्कसाहेबांचं बाहेरच्या खाण्याशी हाडवैर. लग्नानंतर बायको एकदा म्हणाली, "आज बाहेर जेवू या का हो?" तर यांनी तळणाच्या तेलापासून टेबल पुसायच्या फडक्यापर्यंत असं काही व्याख्यान झोडलं, की तिने पुन्हा तो विषयच काढला नाही. साहेबांना वाटलं, पटलं तिला. (बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, हा नवरेमंडळींचा जुनाच गैरसमज.)

आता बायको दवाखान्यात होती. पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आणि इकडे घरी तिच्या लाडक्या कुत्र्याने, शेठने, अन्न सोडलं. साहेबांनी भात कालवून दिला, अंडं उकडून दिलं, शेवटी फरशीवर फतकल मारून हाताने भरवून पाहिलं. शेठ आपला तोंड फिरवून दाराकडे बघत बसायचा. भेटायला गेलं की बायकोचा पहिला प्रश्न, "जेवला का तो?" साहेब ठोकून द्यायचे, "पोट फुटेपर्यंत!" उद्या ती घरी येणार होती आणि शेठच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. "आजार काही नाही. बाईंची वाट बघतोय. जागा बदलून बघा जरा. कुत्र्यांना आत घेणारी रेस्टॉरंटं निघालीत हल्ली, न्या एखाद्यात."

"मी? रेस्टॉरंटात?"

"तुम्ही नका हो खाऊ!"

अडला हरी! ऑफिसातलं कुणी भेटू नये म्हणून साहेब मान खाली घालून निघाले. पहिल्या ठिकाणी शेठ पायरीसुद्धा चढला नाही. उलट त्यानेच साहेबांना मागच्या गल्लीतल्या एका हिरव्या दारापर्यंत फरफटत नेलं. दारावर पाटी होती: 'नवीन कुत्र्यांनी पहिल्या दिवशी बाहेरच्या टेबलावर बसावे. शांत राहिल्यास पुढच्या वेळी आत.'

साहेब निमूटपणे बाहेरची खुर्ची ओढू लागले, तोच वेटर धावत आला. "या, या शेठ! होतात कुठे इतके दिवस?"

साहेबांनी कॉलर सारखी केली. वेटर त्यांना ओलांडून कुत्र्याच्या गळ्यात पडला. "बाहेर कशाला? खिडकीतलं टेबल आहे की तुमचं! बाई नाही आल्या?"

"कोण बाई?"

"याच्या. दर गुरुवारी दुपारी येतात. दोघं गप्पा मारत जेवतात. म्हणजे, बोलतात बाईच." वेटरने त्यांना निरखून पाहिलं. "आपण कोण?"

"मी... त्यांचे मिस्टर."

"काय सांगता!" वेटर ओशाळला. "माफ करा हं. आम्ही समजत होतो, बाईंना कुणीच नाही."

गुरुवारी रात्री बायकोला कधीच भूक नसायची, हे साहेबांना आत्ता आठवलं.

शेठने ताटली चाटून लख्ख केली. ज्यासाठी एवढा आटापिटा, ते झालं होतं. पण साहेबांना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. आपण धडधाकट असताना बायकोने कुत्र्याशी बोलत जेवावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यात तिने विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला. खिडकीतल्या टेबलावर."

बायको दचकली.

"मला सांगायचंस तरी," साहेब म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही फडक्यावर बोललात."

साहेबांनी तिचा हात हातात घेतला. "बरी झालीस की मलाही ने. येऊ ना मी?"

तिने विचार केला. चांगला बराच वेळ केला.

"या. पण पहिल्या दिवशी बाहेरच्या टेबलावर बसायचं. शांत राहिलात, तर पुढच्या वेळी आत."