ठराववाली अक्का

गिरिजा मगदूम भडंगाचा पुडासुद्धा ठराव केल्याशिवाय फोडू देत नसे.

आम्ही चौघीजणी खोलीत भुकेनं कळवळत बसलेल्या असायचो. पुडा मधोमध. कुणी हात पुढं केला की गिरिजाचा पंजा त्यावर पडायचा.

"थांबा. हा पुडा आत्ताच्या आत्ता फोडावा, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन द्या की कोणतरी!"

"दिलं बाई, दिलं."

"विरोधात कोण हाय काय?"

भडंगाच्या विरोधात कोल्हापूर जिल्ह्यात कोण असणार? मग ती "एकमतानं मंजूर" म्हणून पुडा फोडायची आणि पहिली मूठ स्वतःच भरायची.

'मांडतो' वाचून दचकू नका. कुरुंदवाडच्या बाजूला बायकाही 'येतो, जातो, करतो'च म्हणतात. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम पुण्याच्या होत्या. त्यांच्या कानाला ते फार टोचायचं. "अगं, मांडते म्हण, मांडते!" असं त्या सांगायच्या, आणि गिरिजा अगदी अदबीनं म्हणायची, "व्हय मॅडम, मांडतो की."

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी पेठ वडगावची, विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करत होते. गिरिजा एम.एस्सी.ला, गणित घेऊन. मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. तिच्या घरी ऊस होता, गावात भुसाराचं लहानसं दुकान होतं आणि घरातली बोली कन्नड. गणित सोडवताना ती कन्नडमध्ये पुटपुटायची आणि भांडायची मात्र मराठीत. वयानं आमच्याएवढीच, पण सगळं वसतिगृह तिला 'अक्का' म्हणायचं.

तिला हे ठरावाचं वेड लागलं ते विद्यार्थी परिषदेमुळं. विद्यापीठातल्या निवडणुका नुकत्याच बंद झाल्या होत्या. त्याआधी म्हणे निवडणुकीला जीपगाड्या फिरायच्या, गुलाल उडायचा, मटणाच्या पंगती उठायच्या आणि शेवटी डोकी फुटायची. ते सगळं नको म्हणून नवा नियम आला. जो वर्गात पहिला, तो आपोआप परिषदेवर. त्यामुळं झालं काय, की ज्यांनी जन्मात पुस्तकातून मान वर काढली नव्हती, अशी सगळी मुलं बसल्या जागी पुढारी झाली. त्यांची पहिली सभा म्हणजे वाचनालयच होतं. जो तो मांडीवर पुस्तक उघडून बसलेला. "सचिव कोण होणार?" असं विचारल्यावर सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या.

"मी हुतो की," गिरिजा म्हणाली.

झालं. परिषदेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक तिनं आणलं आणि गणिताच्या पुस्तकासारखं वाचून काढलं. इतर लोक असलं पुस्तक वाचून कपाटात ठेवतात. ही त्याप्रमाणं जगायला लागली.

मेसमध्ये आमटी पातळ आली की ही उभी राहायची. "हरकतीचा मुद्दा हाय. आमटी पातळ हाय हे नोंदवून घ्या."

मेसच्या काकू पळी न थांबवता म्हणायच्या, "घेतलं नोंदवून. आता गीळ."

एकदा आम्ही सिटी बसनं बिंदू चौकाकडं निघालो होतो. एका खिडकीवरून दोन माणसं जुंपली. एक म्हणत होता रुमाल माझा, दुसरा म्हणत होता रुमालावर नाव हाय काय तुझं. कंडक्टरनं हात टेकले. गिरिजा उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली. "पावणं, तुमचं बोलून झालं. आता मध्ये तोंड घालू नका, ह्यांना बोलू द्या." आणि आश्चर्य म्हणजे ती तालमीत वाढलेली धिप्पाड माणसं एकापाठोपाठ एक, शिस्तीत बोलायला लागली. बोलता बोलता दोघांच्या लक्षात आलं की दोघांनाही पुढच्याच थांब्याला उतरायचं आहे.

आम्ही हसायचो. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं की लोक तिचं ऐकतात, कारण ती लोकांचं ऐकते. परिषदेत भौतिकशास्त्राचा एक मुलगा होता, फार अडखळत बोलायचा. एकेका शब्दासाठी झगडायचा. त्याच्या आधीच्या सगळ्या वर्गांत त्याची वाक्यं इतरांनीच पुरी केली होती. गिरिजाच्या सभेत तसं चालत नसे. तो बोलायला उभा राहिला की ती पेन खाली ठेवायची आणि नुसती त्याच्याकडं बघत राहायची. कुणी घड्याळ पाहिलं तर त्या पाहणाऱ्यावर तिची नजर वळायची. त्याचं वाक्य त्याच्याच तोंडून पुरं व्हायचं आणि मगच सभा पुढं सरकायची. आता ती एका कॉलेजात गणित शिकवते. तिथल्या मीटिंगा किती लांबत असतील, देव जाणे.

तर, तिच्या सचिवपणाची खरी लढाई झाली ती लायब्ररीवरून. विद्यापीठाची लायब्ररी रात्री नऊपर्यंत उघडी असे. मुलींच्या वसतिगृहाचं गेट मात्र सात वाजता बंद. आमचे तास संपता संपता सहा व्हायचे. मुलं नऊपर्यंत निवांत वाचत बसायची आणि आम्ही वहीत चार ओळी उतरवून घेतो न घेतो तोच पळत सुटायचो. गिरिजाला लागणारं एक पुस्तक तर तिथं बसूनच वाचावं लागे, एकच प्रत होती, ती बाहेर देत नसत.

तिनं परिषदेत ठराव मांडला. गेट नऊपर्यंत उघडं ठेवावं. रजिस्ट्रारसाहेब आणि रेक्टर मॅडम दोघंही सभेला होते.

रजिस्ट्रारसाहेब माणूस सज्जन. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, लायब्ररीपासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. बाजूला गवत आहे. साप निघतात. तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे हे."

"सर, मुलांच्या वसतिगृहाकडंबी तेच गवत हाय. सापाला मुलगं-मुलगी कळतंय व्हय?"

सभेत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. रजिस्ट्रारसाहेबांनाही हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

गिरिजा हसली नाही. "मी दुसरा ठराव मांडतो. आज सगळ्यांनी मिळून त्या रस्त्यानं चालत जाऊन बघावं."

अडखळत बोलणाऱ्या त्या मुलानं सगळ्यांत आधी हात वर केला. त्याला अनुमोदन द्यायला बोलावं लागलं नाही.

थंडीचे दिवस होते, साडेसहालाच अंधारून आलेलं. वरात निघाली. पुढं गिरिजा, मागं रजिस्ट्रारसाहेब, मग मॅडम आणि त्यांच्यामागं जिल्ह्याजिल्ह्यांतले पहिले नंबर. निम्म्या वाटेवर रजिस्ट्रारसाहेबांचा पाय पाइपलाइनसाठी खणून ठेवलेल्या चरात गेला. त्यांना लागलं नाही, पण एक कोल्हापुरी पायताण आतच राहिलं. भौतिक, रसायन आणि वनस्पतिशास्त्रातले पहिले नंबर चरात उतरून चाचपत बसले. ते काही सापडेना. साहेब एक पाय वर धरून उभे होते.

"मगदूम," ते म्हणाले, "दिवे बसतील."

आणि खरोखर बसले. त्यासाठी तिनं किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय, पण बसले. आता अडल्या त्या रेक्टर मॅडम. त्या काही दुष्ट नव्हत्या. "उद्या काही झालं तर पालक मलाच विचारणार ना गं?" असं त्या काकुळतीनं म्हणाल्या. "पालक हो म्हणत असतील, तर माझी काही ना नाही."

"मग बोलवू की पालकांना," गिरिजा म्हणाली.

एका रविवारी वसतिगृहाच्या जेवणघरात पालकांची सभा भरली. कागलहून, गडहिंग्लजहून, कुठून कुठून वडीलमाणसं आली होती. माझे बाबाही होते. आणि मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, गिरिजाचे अप्पा. धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे.

गिरिजानं सगळं सांगितलं. दिवे बसलेत, पहारेकरी आहे, मुली घोळक्यानं येतील-जातील. एकेक पालक उठून बोलला. कुणी शंका काढल्या, तिनं उत्तरं दिली. वारं आमच्या बाजूचं होतं. शेवटी ती नेमानं म्हणाली, "आणखी कुणाला काही बोलायचं हाय?"

अप्पा उठले.

"माझी पोरगी साताच्या आत खोलीत पायजे. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

एवढंच बोलून ते खाली बसले. मी गिरिजाकडं पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण आवाज कापला नाही.

"कुरुंदवाडचे श्री. बसगोंडा मगदूम यांचा विरोध नोंदवून घेतलाय. आता ठराव मताला टाकतो."

सगळे हात वर गेले, एक सोडून. ठराव मंजूर झाला. सभा संपल्यावर ती अप्पांना गेटपर्यंत सोडायला गेली. ते कन्नडमध्ये काहीतरी बोलले, तिनं मान हलवली, वाकून नमस्कार केला. ती परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले गं?"

"नीट जेवत जा म्हणाले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या मुली नटूनथटून लायब्ररीला निघाल्या, जणू पिक्चरलाच चालल्यात. मी चपला घातल्या. गिरिजा कॉटवर पाय पसरून बसलेली.

"अक्का, चल की!"

"तुम्ही जावा. अप्पांनी न्हाय म्हणलंय."

"अगं, ठराव मंजूर झालाय! तूच केलायस!"

"ठराव गेटचा हाय. अप्पांचा न्हाय."

मी चिडले. ज्या माणसानं सगळ्यांसमोर तिला तोंडघशी पाडलं, त्याचं हिनं का म्हणून ऐकायचं? ती शांतपणे म्हणाली, "त्यांचा विरोध मी नोंदवून घेतलाय. नोंदवून घेतलाय म्हणजे काय, लिहायचं आणि विसरायचं व्हय? पटल्यावर ते आपणच सांगतील. तवर थांबतो मी."

आणि ती थांबली. रोज संध्याकाळी गेटपर्यंत येऊन आम्हाला वाटेला लावायची आणि माघारी फिरायची. तिच्या त्या पुस्तकातली पानं आम्ही आळीपाळीनं उतरवून आणायचो. मला मराठीवालीला त्या चिन्हांतलं ओ की ठो कळत नसे. माझं अक्षर दिव्याजवळ धरून ती विचारायची, "हे काय काढलंयस? मेंढरू?" आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

एकदा मी शाल न्यायला मध्येच परत आले. आख्ख्या वसतिगृहात चिटपाखरू नव्हतं. वरच्या गॅलरीत गिरिजा एकटी कठड्याला रेलून उभी होती. लायब्ररीच्या उजळलेल्या खिडक्यांकडं बघत. मला पाहताच ती सरळ झाली आणि म्हणाली, "त्या वळणावरचा दिवा मिणमिणालाय. उद्या सांगाय पायजे."

परीक्षा जवळ आली होती, त्या दिवसांतली एक संध्याकाळ. मी तापानं पडून होते. सात वाजून गेले असतील. खालून निरोप आला की मगदूमचे वडील आलेत. मीही चादर गुंडाळून तिच्यामागोमाग व्हरांड्यात गेले. अप्पा बाकावर बसले होते. कुणी पाहुणा दवाखान्यात होता, त्याला बघायला ते कोल्हापुरात आले होते. जाता जाता लेकीसाठी शेंगाचटणी आणि भाकरी घेऊन आलेले. मी शेजारी होते म्हणून दोघं मराठीतच बोलत होती.

अप्पांनी रिकाम्या खोल्यांवरून नजर फिरवली. "बाकीच्या पोरी कुठं हायत?"

"लायब्ररीत."

"आन् तू?"

"तुम्ही न्हाय म्हणलावता की."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"सभा झाल्यापास्नं?"

"व्हय."

अप्पांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "पुस्तक तिथंच वाचाय लागतंय?"

"एक तिथंच वाचाय लागतंय. बाहेर देत न्हाईत."

"परीक्षा?"

"जवळ आलीय."

ते उठले. टोपी नीट बसवली, पिशवीतून बॅटरी काढली. "चल."

"दिवं हायत की अप्पा."

"असू देत."

मी वर जाऊन गॅलरीतून पाहत राहिले. दोघं त्या रस्त्यानं चालली होती. गिरिजा हातवारे करत सारखी बोलत होती. एकेका खांबाशी थांबून वर बोट दाखवत होती, आणि दर वेळी अप्पा मान वर करून तो दिवा पाहून घेत होते. बॅटरी त्यांनी तरीही तिच्या पावलांपुढं धरलेली होती.

पुढचं मला मुलींनी येऊन सांगितलं. अप्पा आत गेले नाहीत. "तू वाच," म्हणाले आणि बाहेर पायरीवर बसले. पहारेकऱ्यानं विचारलं, "कोण पावणं? कुणाची वाट बघालाय?"

"मी सचिव बाईंचा बाप," अप्पा म्हणाले.

लायब्ररी बंद होईपर्यंत ते तिथंच बसून होते. आत गिरिजाला तिचं ते पुस्तक मिळालं होतं. तिच्यासमोर बसलेली मुलगी सांगत होती की अक्कानं खिडकीजवळची जागा घेतली, तिथून पायरी दिसते. पुस्तक उघडलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, आणि शेवटपर्यंत एक पानही उलटलं नाही.