छकुलीची झोप आणि गावाची शांतता

"त्यात काय एवढं? छकुली झोपली की तासाभरात अख्खं गाव लिहून देते," असं सूनबाई अध्यक्षांना म्हणाली, आणि तिथेच सगळं फसलं.

अध्यक्ष म्हणजे गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. ते नेमके कशाचे अध्यक्ष आहेत, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. डोंगरात जमिनी घेऊन घरं बांधणाऱ्या एका कंपनीने त्यांच्याकडे गावाची माहिती मागवली होती. फिरायला येणाऱ्यांनी इथे काय बघावं, जमीन घेणाऱ्यांनी इथेच का घ्यावी, वगैरे. कंपनीला गाव पसंत पडलं, तर खालच्या पुलापाशी थांबणारी बस वर गावापर्यंत येणार होती. आणि बस आली, तर सूनबाईचा नवरा रोज संध्याकाळी घरी येणार होता. तो खाली शहरात छापखान्यात कामाला. पुलापासूनची चढण अशी छातीवर येणारी, की बिचारा फक्त सुट्टीला उगवायचा. छकुली त्याला दर वेळी नवा पाहुणा समजून भोकाड पसरायची, आणि ओळख पटून ती हसायला लागेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची. एवढ्यासाठी सूनबाईने अख्खा डोंगर लिहून काढला असता.

छकुलीला झोपवणं हा तर आपल्या डाव्या हातचा मळ, अशी तिची ठाम समजूत होती. पाळण्यात घातलं, गुणगुणत चार झोके दिले, की पोरगी गाढ! अडचण असायची ती त्यानंतर. शेजारी तांबटकाका तांब्याची भांडी घडवायचे, त्यांची दिवसभर ठक्ठक्. मागच्या चढावर शेळ्या, प्रत्येकीच्या गळ्यात घंटा. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाई. त्यांची धाकटी बहीण समोरच्या डोंगरावर राहायची. मध्ये दरी, आणि फोन दोन्हीकडे लागत नाही. त्यामुळे दोघी रोज दुपारी आपापल्या अंगणात उभ्या राहून गप्पा मारायच्या. भाजी काय केली इथपासून सून कशी निघाली इथपर्यंत सगळं दरीच्या आरपार. सूनबाईला स्वतःबद्दलची प्रत्येक तक्रार दोनदा ऐकू यायची. एकदा अंगणातून आणि एकदा कड्यावर आपटून परत आलेली.

अशा गदारोळात ती लिहायला बसली. हवा छान आहे, असं लिहिलं आणि खोडलं. कुठल्या डोंगरावर हवा वाईट असते? देखावा सुंदर आहे, तेही खोडलं. तेवढ्यात काकांनी एका हंड्याच्या बुडाला हात घातला, आणि कानठळ्या बसलेल्या सूनबाईने, जे आपल्याला ह्या क्षणी जगात सगळ्यांत जास्त हवं होतं, ते लिहून टाकलं:

'इथली शांतता अशी, की झोपलेल्या बाळाचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू येतो. वाराही इथे पाऊल न वाजवता येतो.'

खोटं नव्हे, इच्छा आहे, असं तिने मनाला समजावलं आणि लिफाफा चिकटवला.

टपालाने उत्तर आलं. हवा आणि देखावा आमच्याकडे पुष्कळ गावांचा आहे, शांतता कुणी कळवली नव्हती, ती ऐकायला मी स्वतः येतोय, असं कंपनीच्या साहेबांनी लिहिलं होतं.

अध्यक्षांनी तातडीने बैठक बोलावली. सूनबाईकडे कोणी रागाने बघेल असं तिला वाटलं होतं, पण बस प्रत्येकालाच हवी होती. ठरलं असं, की साहेब येतील त्या दिवशी गावात शांतता पाळायची. शेळ्यांच्या घंटांमध्ये लोकर कोंबायची. कोंबड्यावर टोपली, टोपलीवर घोंगडी. तांबटकाकांनी हातोडा उचलायचा नाही. शेवटी सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या.

"मी काय मोठ्याने बोलते?" सासूबाईंनी विचारलं, आणि छपरावरची कबुतरं उडाली.

त्या दिवशी साहेब दुपारी धापा टाकत वर पोचले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चेहरा सुतकी. हातात आवाज मोजायचं एक छोटं यंत्र. अंगणात उभं राहून त्यांनी ते चालू केलं, तर काटा जागचा हलेना. खरंच, असलं काही गावाने जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं नव्हतंच! शेळ्या भुतासारख्या मुक्याने फिरत होत्या. तांबटकाका मांडीखाली हात दाबून बसले होते. सासूबाईंनी तोंडात पदराचा बोळा धरला होता. अध्यक्षांना शिंक आली, ती त्यांनी गिळली.

साहेबांनी मान डोलावली. सूनबाईच्या डोळ्यांपुढे बस वळण घेऊन वर येताना दिसू लागली.

आणि छकुलीने भोकाड पसरलं.

झोपेचीच वेळ होती तिची. सूनबाईने झोके दिले, चार झाले, चाळीस झाले. गुणगुणून झालं, थोपटून झालं, खांद्यावर घेऊन झालं. पोरगी लालबुंद. अध्यक्षांनी टाळी न वाजवता टाळी वाजवून दाखवली. तांबटकाकांनी जीभ काढून दाखवली. त्याबरोबर रडणं आणखी वरच्या पट्टीत गेलं. यंत्राचा काटा टोकाला जाऊन थरथरू लागला. साहेब अंगणातल्या बाकावर बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. सूनबाईच्या डोळ्यांपुढची बस उलटी उलटी पुलाकडे जाऊ लागली.

इतक्यात समोरच्या डोंगरावरून हाक आली. दुपार टळत आली तरी ताईचा आवाज नाही म्हटल्यावर धाकट्या बहिणीच्या काळजात धस्स झालं होतं.

"ताई गंऽऽ! आहेस का गेलीस?"

सासूबाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. मग बोळा बाहेर काढला. बहिणीला असं ताटकळत ठेवणं त्यांच्याने झालं नाही.

"आहे गंऽऽ! शांतता पाळतेय!"

सगळी दरी दुमदुमली. छकुली रडायची थांबली. तिने एक हुंदका दिला, मान वळवली आणि डोळे अर्धवट मिटले.

मग पुन्हा शांतता झाली, आणि पुन्हा भोकाड.

तेव्हा कुठे सूनबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या हातचा मळ कसला आणि काय! पोरगी तिच्या गुणगुणण्याने एक दिवसही झोपली नव्हती. ती कुंपणापाशी धावली.

"काका, ठोका!"

"अगं, पण बस?"

"बस गेली खड्ड्यात. ठोका तुम्ही!"

काकांनी दिवसभराची कसर भरून काढली. ठक्ठक् सुरू झाली. कुणीतरी घंटांतली लोकर उपसली. कोंबड्याने भरदुपारी पहाट जाहीर केली. सासूबाईंनी भाजीपासून सुरुवात करून सुनेपर्यंत मजल मारली. आणि या सगळ्या कोलाहलात छकुली अंगठा तोंडात घालून अशी झोपली, की तिच्या गालावरचा थेंब सुकायचा राहिला.

सूनबाई साहेबांची माफी मागायला वळली. साहेब बाकावर आडवे झाले होते. यंत्र पोटावर, तोंड उघडं, आणि ठक्ठकीच्या तालात घोरणं.

उन्हं उतरल्यावर त्यांना जाग आली. बराच वेळ त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना. घरी जाड पडदे लावून, गोळ्या घेऊनसुद्धा अशी झोप लागली नव्हती म्हणाले. पहिली जमीन त्यांनी स्वतःसाठी घेतली, तीही तांबटकाकांच्या भिंतीला लागून. गावाची माहिती मात्र आहे तशीच छापायची म्हणाले. लोक शांततेसाठी येतील आणि झोप घेऊन जातील, तक्रार कोण करणार?

बस आली. पहिल्या आठवड्यातच छकुली बाबाला ओळखून झेपावू लागली. सूनबाईला वाटलं, आता आणखी काही मागायचं नाही.

मग सुट्टीचा दिवस आला. जेवून नवरा आडवा झाला, आणि शहरातल्या खोलीत राहून सवय मोडलेला तो दहादा कूस बदलून उठून बसला.

"या घरात जरा शांतता नाही का गं मिळणार?"

सूनबाईने फळीवरून कंपनीचं रंगीत माहितीपत्रक काढून त्याच्या हातात ठेवलं. "सगळी यात आहे. वाच."

"चेष्टा नको. थांब, काकांनाच सांगून येतो."

तिने त्याला अडवायला तोंड उघडलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मिटलं.

ठक्ठक् थांबली. पाळण्यात छकुलीने एक डोळा उघडला. सूनबाईने पायांत चपला सरकवल्या आणि ती मागच्या दाराने, पाऊल न वाजवता, बाहेर पडली.