सरक जरा

उल्का मॅडमनी स्क्रीन दोघांकडे वळवली. प्रोजेक्टचा कोड कोणी किती लिहिला, ते तिथे नावानिशी दिसत होतं. सलिलच्या नावापुढे लांबलचक हिरवी पट्टी होती. अस्मिताच्या नावापुढे काहीच नव्हतं.

"अस्मिता, पार्टनरच्या जिवावर पास व्हायचं ठरवलंयस का?"

अस्मिता उसळली. तिचा लॅपटॉप ऐनवेळी बंद पडला होता, म्हणून तिने अख्खा प्रोजेक्ट धायरीला सलिलच्या घरी बसून, त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच लॉगिनने लिहिला होता.

"मॅडम, सगळं मी केलंय! याने नुसती साबुदाण्याची खिचडी आणून दिली."

"तीही आईने केलेली," सलिल प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणजे नाव एकाचं, काम दुसरीचं, खिचडी तिसरीची. वा! मार्क आईंना देऊ?"

"मॅडम, मी बसायचो लिहायला. दोन ओळी झाल्या की ही म्हणायची, 'सरक जरा'."

"चुकत होतास तू!"

"चुकू दिलंस कुठे?"

वडील गेल्यापासून गॅसच्या नंबरापासून आईच्या गोळ्यांपर्यंत घरचं सगळं अस्मिताच बघायची. काम दुसऱ्याच्या हाती सोडायची तिची सवयच मोडली होती.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "सलिल, या प्रोजेक्टमध्ये एक नवं बटण टाकून दाखव. जमलं तर काम तुझं, नाही जमलं तर हिचं. अस्मिता, तू फक्त गप्प बस."

सलिल घामाघूम झाला. पहिल्याच ओळीत कंस उघडला, तो बंद करायला विसरला. बटण काही दिसेना. अस्मिता जिंकतच आली होती. फक्त गप्प बसायचं होतं. तिने ओठ आवळले, हात मांडीखाली दाबून धरले.

सलिलने दुसराही कंस उघडा सोडला.

"अरे, सरक जरा!"

बटण लगेच दिसलं. मॅडमनी मान हलवली.

"अस्मिता, काम तुझंच, शंका नाही. पण मी दोघांचा प्रोजेक्ट सांगितला होता. पुढच्या आठवड्यात नवा आणा. या वेळी कोड सलिलचा आणि खिचडी तुझी."

संध्याकाळी धायरीला सलिल बाहेरच्या खोलीत एका बोटाने टाइप करत होता. थांबत होता, खोडत होता. अस्मिता मोठ्या निग्रहाने स्वयंपाकघरातच उभी राहिली आणि साबुदाणा परतू लागली. साबुदाण्याचा हळूहळू गोळा व्हायला लागला.

सलिलची आई शेजारी उभी राहून कढईकडे बघत होती. मग तिने पदर खोचला.

"सरक गं जरा."