निरोगी, अर्ध्या मिलिसेकंदात

लोणखेड्याच्या एका महाविद्यालयात मोहिनी पाटील हिची वर्षभराच्या करारावर नेमणूक झाली, ती गुणाकार मोजण्यासाठी. केळीच्या शेतात बसवायचा एक डबा तयार होत होता. त्यात 'कृषिवेग' नावाचा प्रोसेसर होता. डब्यासमोर पान धरलं की त्याने फोटो काढून 'निरोगी' किंवा 'रोगट' एवढंच बोलायचं. फोटो म्हणजे प्रोसेसरच्या लेखी आकड्यांचे तक्ते. त्यांचे लाखो गुणाकार करणारा जो खालच्या पातळीवरचा छोटासा कोड असतो, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात, तो या प्रोसेसरवर किती वेळ घेतो, एवढंच मोहिनीने मोजायचं होतं.

तिने मोजलं. सकाळी चाळीस मिलिसेकंद, दुपारी बावन्न.

"दोन आकडे कसे?" प्रकल्पप्रमुख हेमकांत सरांनी विचारलं. "फॉर्ममध्ये रकाना एकच आहे."

"दुपारी प्रोसेसर तापतो, सर. तापला की आपोआप मंदावतो."

"मग दुपारी मोजू नका."

"पण शेतात दुपार असते ना, सर."

सरांनी ही बाब गांभीर्याने घेतली आणि शेरा लिहिला: 'शेतातील दुपार प्रकल्पाच्या कक्षेबाहेर.' प्रयोगशाळेला एसी मंजूर झाला.

इतक्यात याच डब्यावर काम करणाऱ्या शेजारच्या जिल्ह्याने एकतीसचा आकडा वर पाठवला. मोहिनीने रविवारसुद्धा न पाळता कोड तासला, अठ्ठावीसवर आणला. शेजाऱ्यांनी एकोणीस कळवले. तेव्हा सरांना, बहुधा प्रथमच, कोडमध्ये रस वाटला.

"चाचणीचा फोटो दरवेळी तोच असतो?"

"हो सर. निरोगी पानाचा. वरून आलेला."

"म्हणजे उत्तर दरवेळी तेच. मग दरवेळी गुणाकार कशाला करायचा? उत्तर आधीच लिहून ठेवा."

"मग दुसरं पान धरलं तर?"

"अचूकतेसाठी वेगळी समिती आहे. ती अद्याप गठित व्हायची आहे. आणि तुमचा करार वेगावर वाढणार आहे, मोहिनी."

मोहिनीने कराराची तारीख पाहिली. मग तिने उत्तर लिहून ठेवलं. अर्धा मिलिसेकंद! विभागात पहिला क्रमांक आला, तिचा करार वाढला आणि नारळ फोडून दोनशे डबे तापीकाठी रवाना झाले.

त्यातला एक सारंगखेड्याला तिच्या वडिलांच्या, मोतीलालांच्या, मळ्यात लागला. आठवड्याने मोतीलाल तिला हाताला धरून मळ्यात घेऊन गेले. त्यांनी डब्यासमोर करपलेलं पान धरलं. "निरोगी," डबा म्हणाला. त्यांनी पायातली चप्पल काढून धरली. "निरोगी."

"पोरी," मोतीलाल शांतपणे म्हणाले, "हाई डबं देखस का नुसतं बोलस?"

मोहिनीला मान वर करवेना. "आबा, ते मीच तसं करेल शे," तिने कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तिने त्या डब्यात आपला जुना, चाळीस मिलिसेकंदांचा कोड घातला. डब्याने पान नीट पाहिलं आणि म्हणाला, "रोगट." मोतीलालांनी आजारी झाडं उपटून पुरली. बाकीची बाग वाचली.

गावात मात्र चलबिचल झाली. शेजारचे अमृतभाऊ बांधावर येऊन म्हणाले, "मोतीलालभाऊ, आख्खा गावना डबा निरोगी म्हनतस आनि तुन्हंच रोगट म्हनस. तुन्हं डबं मन्हा मळाना भाव पाडी."

तक्रार गेली. पथक आलं. पथकाने पान पाहिलं नाही, वेळ मोजला. 'मापदंडापेक्षा ऐंशी पट मंद' असा पंचनामा झाला, डबा जप्त झाला आणि मोहिनीला प्रकल्पाच्या वेगास बाधा आणल्याबद्दल नोटीस मिळाली. तिने उत्तरात सगळं खरं लिहिलं, अकरा पानं. पोच मिळाली त्याच मिनिटाला: 'आपला खुलासा वाचला. समाधानकारक नाही.' करार संपला. ती सारंगखेड्याला परतली आणि गावातल्या ज्याला हवं त्याचं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघू लागली. फार लोक येत नसत. तिला पान उलटून बघायला वेळ लागायचा.

पावसाळ्याअखेर अर्ध्या गावाची केळी करपली. त्याच सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर प्रकल्पाचा अभिप्राय-अर्ज आला. अमृतभाऊंनी उपटलेल्या खुंटांवर बसून तो भरला. पाच तारे.

"काका, प्रश्न वाचला का?" मोहिनीने विचारलं.

"वाचाले कोनले टाइम शे?" ते म्हणाले.

मोहिनीला त्यांचा राग आला नाही. वाचकांनीही धरू नये. 'मी सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत' या चौकोनात आपण गेल्या खेपेला खूण केली, तेव्हा किती मिलिसेकंद लागले होते?